आतड्याच्या ऑपरेशननंतर कुठली पावडर? आधी डिस्चार्ज कार्ड बघा

ताई, तुम्ही लिहिलंय बाबांचं आतडं कापून जोडलंय, १२ दिवस झाले, वजन ५२ किलो आणि जोड लवकर भरावा म्हणून मेहुण्यांनी ग्लुटामिन, कोलॅजन, झिंक, प्रोबायोटिक अशी यादी पाठवलीय. जरा थांबा. आतड्याच्या टीबीत माझं लहान आतड्याचं शेवटचं टोक काढलं त्याला ९ वर्षं झाली, तेव्हा ही सगळी डबडी मी पण आणली होती.

जोड भरायला मुख्य लागतं प्रोटीन. ऑपरेशननंतर किलोमागे साधारण दीड ग्रॅम धरतात, म्हणजे बाबांना दिवसाला ७५-८० ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच), आणि आपण पेशंटला देतो काय तर पेज नि मऊ भात! माझी आई तर भातावर वरणाचं वरचं पाणी तेवढं घालायची, डाळ तळाशी पातेल्यातच. अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास. एकदम जात नाही, मला तिसऱ्या घासालाच पोट टम्म व्हायचं, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं. तरीही भरत नसेल तर व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची), दूध सोसत नसेल तर आयसोलेट, म्हणजे तीच पण दुधातली साखर जवळजवळ काढलेली; दुकानातून मी एवढंच घेईन. कोलॅजन पोटात गेलं की इतर प्रोटीनसारखंच पचतं, ते काय थेट टाक्यांवर जाऊन बसत नाही. झिंक कमी असेल तर जरूर द्या, पण महिनोन्महिने जास्त डोस घेतला की अंगातलं तांबं कमी होतं.

आता खरं काम. कार्डावर 'टर्मिनल इलियम' म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक काढल्याचं लिहिलंय का बघा. बी-१२ व्हिटॅमिन तिथेच शोषलं जातं, आणि लिव्हरमध्ये साठा असतो म्हणून दोन-तीन वर्षं काही कळतच नाही. मला कोणी बोललंच नव्हतं, तिसऱ्या वर्षी तळपायाला मुंग्या आणि चप्पल पायातून निसटली तरी पत्ता नाही, तोवर मी वयावर ढकलत होतो. तेव्हापासून दर महिन्याला बी-१२चं इंजेक्शन. तो भाग काढला असेल तर तुपकट खाल्ल्यावर पातळ होणं पण त्यातलंच, पित्तामुळे होतं, त्याचं वेगळं औषध मिळतं.

ताप आला, पोट जास्त दुखायला लागलं किंवा नाडी जोरात चालली तर पावडरीबिवडरी सोडा, तडक सर्जनला गाठा. आणि नेमका कुठला तुकडा काढलाय ते कळलं की मला सांगा.