'संडे गोल्ड' या गेमला समीक्षकांनी कसं घेतलं? लोकलने बोरिवलीला पोचल्यावर रोज तासभर खेळायला घ्यावा का?

संमिश्र, चित्रशैलीचं कौतुक, रचनेवर नाराजी. घ्या, पण सेलमध्ये. २०२२चा हा गेम भविष्यातल्या लंडनमधल्या तीन चोरांचा. पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायच्या गेममध्ये आपण निवांत कपाटं उघडत बसतो, इथे मात्र शोधाशोधीलाही लढाईसारखेच अ‍ॅक्शन पॉइंट्स (प्रत्येक कृतीसाठी लागणारे मोजके गुण) खर्च होतात. ते संपले की टर्न (पाळी) संपवा, आणि प्रत्येक टर्नला पहारा वाढतो. बऱ्याच समीक्षकांना नेमका हाच जाच वाटला: कोडं सुटेना आणि वर दंड! काहींना त्यातच थरार सापडला. मी स्वतः पूर्ण खेळलोय. मला सुरुवातीला वैताग आला, नंतर चटक लागली. मात्र परीक्षणांतल्या बग्जच्या तक्रारी सुरुवातीच्या आवृत्तीच्या आहेत, हे धरून वाचा.