पुण्यात बेसबॉलच्या आकड्यांचा क्लब : आधी चोवीस घरं भरा

प्रश्न : मी पुण्यातल्या एका कॉलेजात एस. वाय. बी. एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, त्यातून अमेरिकेतल्या बेसबॉलची गोडी लागली. आम्हा चार-पाच जणांना बेसबॉलच्या आकडेवारीवर संशोधन करणारा विद्यार्थी क्लब काढायचाय. वर्गातले म्हणतात, क्रिकेट सोडून हे काय? आणि एचओडी मॅडमनी विचारलं, 'क्लब नेमकं करणार काय?' मला सांगता आलं नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मॅडमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तोच घेऊ. उद्‌घाटन, बॅनर, पाहुण्यांचं भाषण आणि दिवाळीनंतर खोलीला कुलूप, असे क्लब मी शिकवत असताना बरेच पाहिले. टिकले ते एखाद्या प्रश्नाला चिकटून बसलेले. तुमच्यासाठी तसा प्रश्न माझ्याकडे तयार आहे.

बेसबॉलमध्ये बॅटर उभा राहतो तेव्हा तीन बेसपैकी कुठे कुठे खेळाडू आहेत, याच्या आठ शक्यता असतात. आउट शून्य, एक किंवा दोन, कारण तिसऱ्या आउटला डाव संपतो. म्हणजे सगळ्या मिळून २४ अवस्था. प्रत्येक अवस्थेतून डाव संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात, हा तुमचा पहिला प्रश्न. क्रिकेटमध्ये विकेट, उरलेली षटकं, खेळपट्टी, धावांचं लक्ष्य असं सगळं एकदम डोक्यात ठेवावं लागतं. इथे २४ घरांचा तक्ता वहीच्या एका पानावर मावतो. क्रिकेटवाल्या मित्रांना एवढंच सांग.

पहिल्या बैठकीत कॉम्प्युटर उघडू नका. एका सामन्याची नोंद छापून आणा आणि पेन्सिलने भरा. समज, पहिल्या बॅटरने हिट मारून पहिला बेस गाठला. दुसऱ्याने बंट केला, म्हणजे चेंडू मुद्दाम हळूच जवळच टोलवला. तो आउट झाला, पण आधीचा खेळाडू दुसऱ्या बेसवर पोचला. तिसऱ्याने डबल मारला, म्हणजे फटक्यावर स्वतः दुसरा बेस गाठला, आणि आधीच्या खेळाडूची एक धाव आली. पुढचे दोघे जागेवरच आउट. आता 'बेस रिकामे, शून्य आउट' या घरात १ लिहायचा, कारण तिथून पुढे एक धाव झाली. 'पहिल्या बेसवर खेळाडू, शून्य आउट' इथेही १. 'दुसऱ्या बेसवर खेळाडू, एक आउट' हे घर याच डावात दोनदा येतं : डबलच्या आधी १, डबलनंतर ०. 'दुसऱ्या बेसवर, दोन आउट' इथे ०. सशर्त सरासरी (ठरावीक अवस्था धरून काढलेली सरासरी) म्हणजे काय, हे एवढ्या एका डावात जितकं कळतं तितकं माझ्या फळ्यावरच्या सूत्रांनी कधी कळलं नसेल.

मग पूर्ण मोसमाकडे वळा. रेट्रोशीट या संस्थेकडे अशा नोंदी फुकट मिळतात. त्यांची श्रेयाची सूचना सोबत द्यावी लागते, ती विसरू नका. डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९८९मध्ये ही संस्था सुरू केली आणि जुन्या स्कोअरशीट गोळा करून त्या कॉम्प्युटरमध्ये भरण्याचं काम स्वयंसेवकांनी केलं. मोसमवार बेरजा हव्या असतील तर १८७१पासूनचा लाहमन डेटाबेस आहे; आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा शिकला असाल तर त्याचं पॅकेज सरळ उतरवून घेता येतं.

तक्ता भरला की वाद सुरू होतील, आणि ते व्हायलाच हवेत. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या अलीकडच्या काळातल्या तक्त्यांत 'पहिल्या बेसवर, शून्य आउट' इथून सरासरी सुमारे ०.८६ धावा येतात. बंट करून 'दुसऱ्या बेसवर, एक आउट' केलं की सुमारे ०.६६. म्हणजे खेळाडू पुढे सरकला तरी अपेक्षित धावा घटल्या. कुणीतरी लगेच म्हणेल, 'पण जिंकायला एकच धाव हवी असेल तर?' त्या मुलाला दुसरा तक्ता करायला बसव : निदान एक धाव होण्याची शक्यता किती? तुमचं दुसरं संशोधन तिथून निघेल.

तिसरा विषय तुमच्या अभ्यासक्रमाला थेट लागून आहे. एफ्रॉन आणि मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७०च्या मोसमातल्या १८ बॅटरांचे पहिले ४५ प्रयत्न घेतले. रॉबर्टो क्लेमेंटेचे त्यात १८ हिट होते, म्हणजे सरासरी ०.४००. उरलेल्या मोसमात तो ०.३४६वर आला. प्रत्येकाची सरासरी सगळ्यांच्या मिळून सरासरीकडे, म्हणजे ०.२६५कडे, ओढली तर एकूण अंदाज पुष्कळ सुधारतो, हे त्यांनी दाखवलं. हाच प्रयोग नव्या मोसमावर करून बघा. मला या विषयात याहून सुंदर उदाहरण माहीत नाही.

सामने थेट बघायची हौस असेल तर तिकडची संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांची मॅच, न्यूयॉर्कच्या वेळेने, आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी सुरू होते. क्लबसाठी ती अट ठेवू नका, मुलं गळतील.

त्यापेक्षा आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉलच्या सामन्यांना जा, स्कोअररच्या टेबलाशेजारी बसायची परवानगी मागा आणि स्वतःची नोंद ठेवा. डाव सातच, सामने मोजके. त्यामुळे कित्येक घरांत दोन-तीनच आकडे पडतील. त्यावरून निष्कर्ष काढू नका, पण डेटा गोळा करताना काय काय चुकतं हे तिथेच समजेल. तू खेळलेली आहेस, तुझा इथे फार उपयोग होईल.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा : एकाने काढलेला आकडा दुसऱ्याने स्वतंत्रपणे काढल्याशिवाय क्लबच्या वहीत जायचा नाही.

मॅडमना अर्ज देताना ध्येयधोरणं लिहीत बसू नकोस. 'या सत्रात एका मोसमाचा २४ घरांचा तक्ता करू, बंटचा प्रश्न तपासू आणि सत्राअखेरीस विभागापुढे मांडू' एवढं लिही. शनिवारी दुपारी लॅब आणि एक मार्गदर्शक शिक्षक माग. भरलेलं एक पान अर्जाला जोड, म्हणजे क्लब काय करणार हे मॅडमना तिथेच दिसेल.