आधी ईडीपी (प्रोसेसरच्या करंटच्या मर्यादेची खूण) बघ, मग पंख्याला शिव्या दे
अरे, प्रोसेसरचं तापमान ७५ अंशांच्या आत आणि तरी गेममध्ये क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, धपकन पडतोय, मग सोलापूरच्या उन्हाला कशाला दोष देतोस? (मे महिन्यात देऊच की.) थ्रॉटलस्टॉपमध्ये (इंटेल प्रोसेसरचा वेग का अडतो ते दाखवणारं आणि त्याच्या सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर) लिमिट्सची खिडकी उघडी ठेवून गेम चालव. ईडीपी लाल झालं की समज, करंटची मर्यादा आडवी येतेय. त्याच्याच एफआयव्हीआर या व्होल्टेजच्या खिडकीत आयसीसीमॅक्स, म्हणजे करंटची कमाल मर्यादा, वाढव, पण कोर (प्रोसेसरचा मुख्य भाग) आणि कॅश (त्याची आतली झटपट मेमरी) दोन्हींचं. मी नुसतं कोरचं वाढवून दोन रात्री डोकं आपटलं होतं; लाल काही जाईना. तिथं 'लॉक्ड' दिसलं तर बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं) कुलूप आहे, मग मल्टिप्लायर, म्हणजे क्लॉक ठरवणारा गुणक, एकेक पायरी उतरव. व्होल्टेज वाढवायच्या भानगडीत पडू नकोस. उलट जमलं तर थोडं थोडं, १० मिलिव्होल्टच्या टप्प्यानं कमी कर, करंटही उतरतो. कॉम्प्युटर हँग झाला तर एक पायरी मागे ये.