पणजीची रात्र सुधारायची तर शेवटच्या बसपासून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय, पणजीचं नाइटलाइफ कसं सुधारेल आणि अंधार पडल्यावर फिरणं, विशेषतः बायकांना, सुरक्षित कसं होईल. मी पणजीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, रात्री अकराला सुटते. तेव्हा हे उत्तर पार्टीला येणाऱ्याचं नाही, पार्टी संपल्यावर घरी जाणारीचं आहे.

घर म्हापशाला, तेरा किलोमीटरवर. दिवसा काही अडत नाही. कदंबची, म्हणजे आमच्या सरकारी बससेवेची, शटल सारखी सुटते, खिडकीवर तिकीट काढलं की झालं. रात्री अकराला त्याच स्टँडवर कुत्री झोपलेली असतात. पायलट, म्हणजे आमच्याकडची पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटरसायकल, तेव्हा क्वचितच सापडतो. टॅक्सीवाला म्हणेल तो आकडा. मग उरते स्वतःची स्कूटर. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू, पाऊस धो धो, आणि शेजारून भाड्याच्या बाईकवर दोन पर्यटक नागमोडी जातायत. वर्षभर मी तशी गेले. शेवटी आम्ही चौघी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसलो, उठलोच नाही, तेव्हा कुठे हॉटेलने व्हॅन सुरू केली.

दारू पिऊन चालवणाऱ्यांना पकडा, जरूर पकडा. 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला 10 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण पिणाऱ्याला परतायला बसच नसेल तर तो गाडी काढणारच.

आता उजेडाचं. मांडवीकाठ कॅसिनोंनी असा उजळलाय की डोळे दिपावेत. शहरात आत, ‘अठरा जून’ नावाच्या रस्त्यावर मात्र दुकानांची शटरं पडली की अंधार, आणि पालिकेचे निम्मे दिवे झाडांच्या फांद्यांत लपलेले. वाटेत रोस ऑमलेटचा एक गाडा लागतो. तव्यावर ऑमलेट, वरून शाकुतीचा, म्हणजे मसालेदार गोवन कालवणाचा, रोस, चिरलेला कांदा, पाव. भोवती आठ-दहा माणसं, त्यात एखादं कुटुंब पोराबाळांसकट. तो गाडेवाला काही पोलीस नव्हे, पण त्याचा दिवा दिसला की माझी पावलं सावकाश पडतात. मध्ये पंधरा दिवस गाडा बंद होता, तेव्हा मी तो तुकडा रस्त्याच्या पलीकडून, फोन कानाला लावून, जवळजवळ धावत पार करायचे. फोनवर कुणीच नसायचं. म्हणून म्हणते, गाडे हटवू नका. रात्री बारापर्यंत राहू द्या, त्यांना पाणी आणि कचऱ्याची सोय द्या.

आणि रात्रीची वर्दळ आपल्याला काही नवी नाही. पेडण्याकडे दशावतार पहाटेपर्यंत रंगतो. जत्रेत खाज्याच्या दुकानांपुढून आमच्या आज्या रात्री दोनला चालत घरी यायच्या. पणजीत 2004 पासून नोव्हेंबरमध्ये इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो. शेवटचा शो सुटल्यावर मुली कांपालच्या फुटपाथवरून सिनेमावर भांडत जाताना मी पाहिल्यात. शहर तेच, पोलीस तेवढेच. फक्त रस्त्यावर माणसं असतात. मग कला अकादमीत महिन्यातून चार नाटकं-तियात्रं (कोकणी संगीत-नाटकं) उशिरा ठेवायला काय हरकत आहे? बंद सभागृहात आवाजाचाही प्रश्न नाही. उघड्यावरचे स्पीकर मात्र दहाला बंद म्हणजे बंद. लोकांची झोप उडवून नाइटलाइफ टिकत नसतं.

एक गोष्ट सांगताना अजून हात थरथरतो. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, 25 जण गेले. त्यांतले बहुतेक तिथे काम करणारेच होते. रस्ता अरुंद, बंब दारापर्यंत पोचेना. नाइटलाइफच्या सुरक्षेची चर्चा निघाली की सगळे पर्यटकांबद्दल बोलतात. स्वयंपाकघरात, तळघरात राबणाऱ्याला बाहेर पडायला दुसरं दार आहे का, हे आधी बघा. ते नसेल तर परवाना नको.

पैसे थोडेच असतील तर मी काय करेन? शुक्रवारी-शनिवारी साडेअकरा आणि साडेबारा अशा दोन बसेस, म्हापसा, फोंडा आणि मडगाव अशा तिन्ही दिशांना. महिनाभर रिकाम्या धावतील, धावू द्या. लोकांना बस आहे हे कळायलाच तेवढा वेळ लागतो. पहिल्या फेरीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला रोस ऑमलेट माझ्याकडून.