युक्रेनमध्ये युद्धासाठी नोकरदाराच्या पगारातून किती कर कापला जातो?

पगाराच्या 5 टक्के लष्करी कर कापला जातो, आणि तो नेहमीच्या 18 टक्के आयकराव्यतिरिक्त. म्हणजे एकूण 23 टक्के. 20,000 रिव्निया पगार असेल तर 3,600 आयकर आणि 1,000 लष्करी कर जाऊन हातात 15,400 येतात. हा कर 2014 साली 1.5 टक्क्याने सुरू झाला. 1 डिसेंबर 2024 पासून करसंहितेतल्या दुरुस्तीने दर 5 टक्के झाला. नोव्हेंबरचा पगार डिसेंबरमध्ये हाती पडला, तरी त्यावर जुनाच दर होता. पगारपत्रक करताना हिशेब नेमका इथेच चुकतो, कारण पैसे दिल्याची तारीख धरली जाते. सैनिकांच्या वेतनावर मात्र 1.5 टक्काच कायम ठेवला, आणि ते रास्तच आहे.

लहान व्यावसायिकांचं गणित वेगळं. सोप्या करपद्धतीत त्यांचे चार गट आहेत, आणि त्यांचा लष्करी कर असा (जानेवारी 2025 पासून):
- गट 1, 2 आणि 4: किमान वेतनाच्या 10 टक्के, म्हणजे 2025 मध्ये महिना 800 रिव्निया
- गट 3: उत्पन्नाच्या 1 टक्का

सैनिकांच्या वेतनावरचा आयकर ऑक्टोबर 2023 पासून पालिकांकडून काढून केंद्राच्या तिजोरीत वळवला आहे. छावणी असलेल्या गावांना त्याची झळ सर्वाधिक बसली.