स्तनाच्या कर्करोगाच्या जनजागृती मोहिमांचा खरंच काही उपयोग होतो का?

दर ऑक्टोबरला गुलाबी रिबिनी लागतात, रॅल्या निघतात, इमारतींवर रोषणाई होते. त्याने एका तरी बाईचा जीव वाचतो का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या रोषणाईने नाही वाचत. पण मोहिमेमागोमाग तपासणी दारात आली, तर वाचतो.

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना माहिती तर दिलीच, शिवाय प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी त्यांना दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, नाही, काही नाही. बाकीच्यांना फक्त एकदा माहिती सांगितली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्या बायकांचा आजार लवकरच्या टप्प्यात सापडत होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. शांघायमध्ये तर लाखाहून जास्त कामगार बायकांना स्वतःची तपासणी कशी करायची ते नीट शिकवलं होतं, तरी मृत्यू घटले नाहीत. म्हणून 'घरच्या घरी तपासा' एवढंच सांगून थांबणाऱ्या मोहिमा मला अपुऱ्या वाटतात.

तरीही सांगणं सोडून चालणार नाही. मी आशाताईंबरोबर गावातल्या शिबिरांना जाते. अंगणवाडीत साडीचा पडदा बांधून तपासणी चालते. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, हे बायकांना ठाऊकच नसतं. "दुखत नव्हतं, म्हणून तर घरी बोलले नाही," असं कुणीतरी पडद्याआड गेल्यावर हळूच सांगते. तोवर कित्येक महिने गेलेले असतात, हळदीचे लेप लावून झालेले असतात. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तर देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी १ टक्क्याहूनही कमी जणींची स्तनांची तपासणी कधीतरी झालेली होती!

तुमच्याकडे या ऑक्टोबरला कार्यक्रम असेल तर आयोजकांना आधीच विचारा: तपासायला बाई डॉक्टर किंवा नर्स आहे का? गाठ लागली तर सोनोग्राफी, बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) कुठे होणार? आणि त्या बाईसोबत जिल्ह्याच्या दवाखान्यात कोण जाणार?