नाव यादीत आहे का? मतदार यादीच्या सिस्टीमबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मतदार यादीबद्दल काय विचारायचंय ते पाठवा असं म्हटलं होतं, तर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, यादीच्या पानांचे फोटोसुद्धा आले. मी तहसीलच्या निवडणूक शाखेत बरीच वर्षं काढलीत, याद्यांचे गठ्ठे हातानं तपासायचे तेव्हापासून ते सगळं ऑनलाइन झालं तोपर्यंत, त्यामुळे जे स्वतः पाहिलंय आणि जे नियमात आहे तेवढंच सांगतो. बऱ्याच जणांचा प्रश्न एकसारखा होता म्हणून काही एकत्र केलेत.

लोकसभेला आणि विधानसभेला मतदान केलं, पण नगरपालिकेच्या वेळी आमचं घर भलत्याच प्रभागाच्या यादीत. सरकारकडे याद्या तरी किती आहेत? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

यादी मुळात एकच आहे हो. ती भारत निवडणूक आयोगाची, विधानसभा मतदारसंघाप्रमाणे बनवलेली. झेडपी, नगरपालिका, महापालिकेच्या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग, तो वेगळा, पण तो स्वतःची यादी करत नाही. एक तारीख ठरवतो, त्या दिवसाची विधानसभेची यादी घेतो (२०२५ च्या नगरपालिकांसाठी १ जुलैची घेतली होती) आणि ती प्रभागाप्रमाणे फोडतो. फोडायचं काम पालिकेची माणसं करतात. नवीन नाव घालणं किंवा असलेलं काढणं हे राज्य आयोगाच्या हातात नाही.

घोळ होतो तो फोडताना. विधानसभेची यादी भागांमध्ये असते, एका भागात साधारण हजार-बाराशे नावं, आणि प्रभागाची हद्द कधी त्या भागाच्या मधूनच जाते. मग गल्लीचा अलीकडचा भाग एका प्रभागात आणि पलीकडचा दुसऱ्यात. ज्याच्या पत्त्यात नुसतं 'मु. पो.' आणि गावाचं नाव आहे, घर नंबर नाही, त्याला कुठं टाकायचं हे टेबलावर बसून कसं कळणार? म्हणून प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीसाठी थोडे दिवस देतात, ते फार कमी असतात पण त्याच दिवसांत पालिकेत जाऊन लेखी द्यायचं. नंतर कुणी ऐकत नाही, ऐकायची इच्छा असली तरी ऐकता येत नाही.

माझं आडनाव काळे. यादीत काले आहे. ऑनलाइन शोधलं तर सापडत नाही, कार्ड तर हातात आहे. कॉम्प्युटरला ळ येत नाही का? (एक वाचक, बीड)

येतो, चांगला येतो. पण आधी कुणीतरी इंग्रजीत टाइप केलेलं असतं. आयोगाच्या पोर्टलवर किंवा ॲपवर फॉर्म भरताना तुम्ही नाव इंग्रजीत लिहिता आणि शेजारच्या रकान्यात मराठी आपोआप उमटतं. आता इंग्रजीत ल आणि ळ ला एकच अक्षर. त्यामुळे काळेचं काले, गवळीचं गवली, दळवीचं दलवी, बाळूचं बालू. तो मराठी रकाना आपल्याला खोडून दुरुस्त करता येतो, पण दहातले नऊ जण तिकडं बघतच नाहीत, पुढं जातात, कारण सायबर कॅफेवाल्याच्या मागं रांग असते. आणि बायकांच्या नावाचं तर विचारूच नका. माहेरचं नाव, सासरचं नाव, कुणी बाई लावतं कुणी ताई लावतं, आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं, यादीत तिसरं. माझ्या टेबलावर एकाच बाईची चार कागदं चार नावांची यायची आणि ती बाई समोर उभी असायची, तीच ती.

तुम्ही असं करा. नावानं शोधू नका, कार्डावरच्या नंबरानं शोधा, त्याला स्पेलिंगशी देणंघेणं नाही. आता तुमचं कार्ड जुनं असेल, म्हणजे नंबर एमटी पासून सुरू होतो आणि मधे तिरप्या रेघा आहेत, तर त्या नंबरानं रेकॉर्ड कदाचित येणार नाही, कारण नंतर नवीन दहा जागांचे नंबर आले, आधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढं सात आकडे. मग जिल्हा, मतदारसंघ, वय टाकून नावानंच शोधावं लागेल, तेव्हा चुकीचं स्पेलिंगही टाकून बघा, आणि तेही नाही जमलं तर बीएलओला विचारा, म्हणजे आपल्या भागाची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, बहुतेक शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, त्यांच्याकडे त्यांच्या भागाची यादी असतेच. सापडलं की फॉर्म ८ भरा, दुरुस्तीचा तोच. अर्ज गेला की रेफरन्स नंबर येतो, तो फोनमध्ये फोटो काढून ठेवा. एका मात्रेच्या चुकीसाठी बूथवर सहसा कुणी परत पाठवत नाही, फोटो आणि बाकीचं जुळलं की मतदान करू देतात, पण ती चूक पुढच्या प्रत्येक जुळवणीत तुम्हाला नडते, म्हणून आत्ताच काढून टाका.

मूळ गाव लातूर जिल्ह्यात, आठ वर्षं पुण्यात नोकरी. दोन्हीकडे नाव आहे. मी मुद्दाम केलेलं नाही. हे सिस्टीमनंच पकडायला नको का? आणि दुबार मतदार म्हणून माझ्यावर केस होईल का? (एक वाचक, हडपसर)

तुम्ही पुण्यात आल्यावर फॉर्म ६ भरला असणार. फॉर्म ६ हा पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा. जो आधीपासून मतदार आहे आणि फक्त राहायला दुसरीकडे गेलाय त्यानं फॉर्म ८ भरायचा, म्हणजे जुन्या जागेचं नाव निघून नव्या जागेला लागतं. सोसायटीच्या गेटवर टेबल टाकून बसलेला कार्यकर्ता सरसकट सहा नंबर भरून घेतो, त्यालाही फरक माहीत नसतो. कायदा स्पष्ट आहे, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच, आणि खोटं डिक्लेरेशन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण नाव दोन ठिकाणी राहून गेलं आणि दोन ठिकाणी मत टाकलं या दोन गोष्टी एक नाहीत. तुम्ही आजच लातूरचं नाव काढायला फॉर्म ७ भरा आणि पोचपावती जपून ठेवा.

आता सिस्टीमनं पकडायचं म्हणता. पूर्वी प्रत्येक राज्याचं सॉफ्टवेअर वेगळं, डेटा वेगळा. आता इरोनेट नावाची एकच सिस्टीम देशभर आहे आणि आपल्याकडचा मतदार नोंदणी अधिकारी त्यातच काम करतो. त्यात दोन प्रकारच्या याद्या निघतात. एक, नाव, वय, नातेवाइकाचं नाव सारखं असलेल्यांची. दुसरी, फोटो सारखे दिसणाऱ्यांची. ऐकायला सोपं वाटतं. पण सुनीता रामदास जाधव, वय ४२, अशा महाराष्ट्रात किती असतील सांगा बघू? विधानसभा २०२४ ला आपल्या राज्यात नऊ कोटी सत्तर लाखांच्या आसपास मतदार होते, त्यात सारखी नावं ढिगानं निघणारच आणि त्यातली बहुतेक खरोखर वेगवेगळी माणसं असतात.

एक प्रसंग सांगतो. फोटो सारखे असलेल्यांच्या यादीत दोन बायका आल्या, आडनाव एक, गाव एक, भाग एक, फोटो शेजारी ठेवले तर मलाही वाटलं एकच आहे, एक नाव उडवावं. बीएलओ अंगणवाडी सेविका होत्या, म्हणाल्या साहेब थांबा मी जाऊन येते. दारात हाक मारली तर दोघीही बाहेर आल्या, जुळ्या बहिणी, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या, एकाच वाड्यात दोन चुली. त्या बाई गेल्या नसत्या तर एकीचं मत मी खुर्चीत बसून घालवलं असतं. म्हणून मी ठाम सांगतो, मशीननं फक्त शंका काढायची, नाव काढायचं की नाही ते दारात जाऊन आलेल्या माणसानं ठरवायचं. आणि त्या माणसाला वेळ द्यायला पाहिजे, शाळा सांभाळून, पोषण आहार सांभाळून बाराशे नावं तपास म्हणणं बरोबर नाही.

२०२५ च्या नगरपालिकांच्या वेळी राज्य आयोगानं अशा संभाव्य दुबार नावांपुढं दोन चांदण्या टाकल्या होत्या, त्या मतदाराला कुठं मत देणार हे आधी विचारायचं किंवा केंद्रावर डिक्लेरेशन घ्यायचं. चांदण्या होत्या म्हणजे गुन्हेगार नव्हे.

दोन राज्यांत एकच कार्ड नंबर निघाले असं वाचलं. मग सगळी कार्डं खोटी? (एक वाचक, चिपळूण)

नाही. मार्च २०२५ मध्ये हा विषय मोठा झाला, पश्चिम बंगालमधल्या तृणमूल काँग्रेसनं काढला. आयोगानं सांगितलं की इरोनेट यायच्या आधी राज्याराज्यांत हातानं नंबर द्यायचे, तेव्हा काही ठिकाणी एकच सिरीज दोन राज्यांत वापरली गेली, आणि तीन महिन्यांत हे दुरुस्त करू. नंबर सारखा असला तरी माणूस वेगळा, मतदारसंघ वेगळा, बूथ वेगळं, आणि मत देता येतं ते ज्या यादीत नाव आहे तिथंच. पण आयोगानं हे आधीच शोधून आधीच सांगायला हवं होतं असं माझं मत आहे. लोकांना बाहेरून कळलं की विश्वास उडतो आणि तो परत आणायला फार वेळ जातो.

आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, त्यांचं नाव अजून यादीत. आणि आई जिवंत आहे, तिचं नाव गेलं. हे कसं होतं? (एक वाचक, सांगली)

ताई, तुमचं पत्र वाचून मला माझ्या एका चुकीची आठवण झाली. ती पुढं सांगतो.

आजोबांचं आधी. गेलेल्या माणसाचं नाव आपोआप निघत नव्हतं. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते, दाखला मिळतो, पण ते रजिस्टर वेगळ्या खात्याचं आणि यादी वेगळ्या खात्याची, दोघांचा संबंध नाही. घरच्यांनी फॉर्म ७ भरावा लागायचा आणि दुःखात कुणाला ते सुचतं? १ मे २०२५ ला आयोगानं जाहीर केलं की मृत्यूच्या नोंदी रजिस्ट्रार जनरलकडून थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं घेणार आणि बीएलओ घरी जाऊन खात्री करणार. सहा वर्षं जुनी नोंद त्यात येईल याच्या भरवशावर राहू नका, तुम्ही फॉर्म भरा.

आता आईचं. एका गावात म्हातारे गृहस्थ वारले, मुलानं दाखला जोडून व्यवस्थित फॉर्म दिला, आणि आमच्याकडून उडालं त्यांच्या बायकोचं नाव. घर एक, अनुक्रमांक लागोपाठचे, एक ओळ खाली क्लिक झालं. आम्हाला कळलं ते मतदानाच्या दिवशी, त्या आजी काठी टेकत बूथवर आल्या आणि त्यांना परत जावं लागलं. पुढच्या पुनरीक्षणात, म्हणजे यादी नव्यानं तपासतात तेव्हा, नाव घातलं मी, पण ती निवडणूक गेली ती गेलीच. तेव्हापासून नाव वगळायचा प्रत्येक अर्ज मी नाव मोठ्यानं वाचून, दाखल्यावर बोट ठेवूनच पुढं पाठवला.

आणखी एक शक्यता असते, कुणीतरी परस्पर फॉर्म ७ भरलेला असतो. कर्नाटकात आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी नावं वगळायचे ६०१८ ऑनलाइन अर्ज आले, तपासल्यावर खरे फक्त २४ निघाले. तपासलं म्हणून बाकीची नावं वाचली. नंतर २०२५ मध्ये पोर्टलवर आधारला जोडलेल्या मोबाइलवरून ई-साइन करायची सोय आणली, म्हणजे दुसऱ्याच्या नावानं अर्ज टाकणं अवघड झालं. हे खूप आधी व्हायला हवं होतं.

आईसाठी फॉर्म ६ भरा आणि सोबत नाव कोणत्या अर्जावरून, कोणत्या कारणानं वगळलं याची लेखी माहिती मागा. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, त्यावर पुढं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. लोक अपील करत नाहीत, घाबरतात. घाबरू नका.

यादीची पीडीएफ उघडली पण त्यात नाव शोधता येत नाही, सर्च चालतच नाही. (एक वाचक, ठाणे)

कारण ती पानं फोटोसारखी आहेत, अक्षरं नाहीत त्यात. २०१८ मध्ये हे सुप्रीम कोर्टात गेलं होतं, कोर्ट म्हणालं अक्षर-शोध होईल अशीच पीडीएफ द्या अशी सक्ती आयोगावर करता येणार नाही. आयोगाचं म्हणणं डेटा चोरीला जाईल. मला ते कळतं, पण ज्याला आपल्या वाड्यातली पन्नास नावं तपासायचीत त्याचं काय? बिहारमध्ये यादीतून वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी ऑगस्ट २०२५ ला कोर्टानं आयोगाला कारणांसकट आणि कार्ड नंबरानं शोधता येईल अशी टाकायला लावली. वगळलेल्यांची तशी यादी प्रत्येक राज्यात कायमच मिळावी असं मला मनापासून वाटतं.

ईव्हीएम मतदार यादीच्या कॉम्प्युटरला जोडलेलं असतं का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

नाही. बूथच्या दारात कॉम्प्युटर संपतो. आत छापील यादी असते, अधिकारी तुमचं नाव आणि अनुक्रमांक मोठ्यानं वाचतो म्हणजे पोलिंग एजंटांना ऐकू यावं, मग यादीवर पेनानं खूण, रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा, बोटाला शाई. मशीनला तुम्ही कोण हे माहीतच नसतं.

मुलगा दुबईत आहे, त्याला इथं मत देता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

भारतीय पासपोर्ट असेल आणि तिकडचं नागरिकत्व घेतलं नसेल तर फॉर्म ६ए भरून पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर नाव लागतं. कार्ड मिळत नाही, मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः इथं यावं लागतं. तिकडून ऑनलाइन मत देता येत नाही.

कार्ड हातात, पण मतदानाच्या दिवशी यादीत नाव नाही. तेव्हा काय करायचं? (सगळ्यात जास्त जणांनी विचारलेला प्रश्न)

त्या दिवशी जवळजवळ काहीच नाही, हे सांगताना मला वाईट वाटतं. मत यादीमुळे मिळतं, कार्ड फक्त ओळख पटवायला. आधी शेजारचा भाग बघा, मतदारसंघ तोच पण बूथ बदललेलं असतं असं पुष्कळदा होतं, १९५० या हेल्पलाइन नंबरला फोन केला तरी कळतं. नाव आहे पण तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलंय असं झालं तर मात्र परत फिरू नका, केंद्राध्यक्षांना टेंडर मत मागा, ओळख पटली की ते द्यावंच लागतं, कागदी मतपत्रिकेवर घेऊन पाकिटात वेगळं ठेवतात.

पण नावच नसेल तर पुढचं सगळं आधीच संपलेलं असतं, कारण उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही, आणि अर्जाच्या चौकशीला वेळ लागतो म्हणून त्याच्या निदान दहा दिवस आधी तरी फॉर्म गेलेला हवा. आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्या दिवशी अठरा पूर्ण होणाऱ्यांना नाव घालता येतं, सतरा पूर्ण झालेल्या मुलांना आधीच अर्ज देता येतो. हा अंक हातात असताना घरातल्या सगळ्यांची कार्डं काढा, पाच मिनिटं लागतात, आयोगाच्या पोर्टलवर एकेक नंबर टाका, आणि आलेल्या रेकॉर्डमधला भाग क्रमांक नि अनुक्रमांक कॅलेंडरच्या मागं पेनानं लिहून ठेवा. ज्याचं रेकॉर्ड आलं नाही त्यानं मला लिहा, कोणता फॉर्म लागेल ते कळवतो.